तालुक्याचे केळवणी (म्हणजे शिक्षण) निरीक्षक राहिलेल्या वडिलांबद्दल नेमकं काय लिहावं?

माहेर_डभोई (मांजलपूर, बडोदे) यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी,

आमचे नाना गेल्या माघात गेले. वय ९२. शेवटपर्यंत सकाळचा पेपर स्वतः उघडून वाचत होते, फार हाल झाले नाहीत. वर्षश्राद्धाला आम्ही भावंडं त्यांच्यावर एक छोटी पुस्तिका काढतोय आणि लिहिण्याचं काम माझ्याकडे आलंय.

नानांनी जवळजवळ सगळी नोकरी डभोई तालुक्यात काढली, आधी शिक्षक आणि मग केळवणी निरीक्षक म्हणून. मध्ये काही वर्षं संखेडा, नसवाडीकडे होते, पण बिऱ्हाड कायम डभोईतच, हिरा भागोळीच्या बाजूला भाड्याच्या घरात. दादाने मला एक कागद करून दिलाय: जन्म, पी.टी.सी. (प्राथमिक शिक्षकाचं प्रशिक्षण), नेमणूक, बढती, निवृत्ती. सगळं बरोबर आहे. पण त्यातलं नाव खोडून दुसऱ्या कुठल्याही निरीक्षकाचं घातलं तरी तो कागद चालेल, आणि तेच मला सलतंय.

शिक्षक गेला की त्याचे विद्यार्थी दाराशी येतात, प्रत्येकाकडे एक आठवण असते. निरीक्षकाचं तसं नसतं. तो शाळेत वर्षाकाठी एकदा-दोनदा यायचा, मुलं धास्तावून उभी राहायची, आणि पुढे त्यांच्या लक्षात राहायचं ते एवढंच की दिपोटीसाहेब, म्हणजे डेप्युटी, आले होते. नाना गेल्यावर भेटायला आलेल्यांत बरेचसे निवृत्त शिक्षक होते. 'साहेब कडक, पण चोख माणूस' एवढं बोलून तेही गप्प बसत. चोख म्हणजे काय, ते मला लिहायचंय.

माझ्याजवळ जे आहे ते सांगते. १९७०च्या सप्टेंबरात नर्मदेला मोठी रेल, म्हणजे पूर, आली तेव्हा मी दुसरीत होते. चांदोदच्या बाजूच्या नदीकाठच्या गावांत पाणी शिरलं. चौथ्या की पाचव्या दिवशी नाना एका बैलगाडीतून घरी आले आणि गाडीत गोणपाटात गुंडाळलेली दफ्तरं होती, तीन शाळांची. वयपत्रकं, म्हणजे ज्यात मुलाचं नाव, जात, जन्मतारीख, दाखल झाल्याची आणि शाळा सोडल्याची तारीख असते ती जाड रजिस्टरं. फुगून दुप्पट झालेली, गाळाचा वास मारणारी. आईने बाहेरची खोली रिकामी केली. पानं एकमेकांना चिकटलेली होती, ती नाना आईच्या विणायच्या सुईने कोपऱ्यापासून सोडवायचे. एक पान सुटलं की खाली-वर टीपकागद, टीपकागद संपल्यावर 'संदेश' या गुजराती दैनिकाचे जुने अंक. वर आई कोळशाची इस्त्री अगदी कोमट करून फिरवायची. ताईकडे आणि माझ्याकडे दोरीवर वाळत घातलेली सुटी पानं राखायचं काम होतं, वाऱ्याने इकडचं तिकडे होऊ नये म्हणून.

त्यात एक गोष्ट मी डोळ्यांनी पाहिली. काही पानांवरची अक्षरं जशीच्या तशी होती, थोडी काळवंडलेली, पण शब्द न् शब्द लागत होता. आणि काही पानांवर नुसता जांभळट डाग, एकही नाव नाही. नानांनी मला जवळ बसवून दाखवलं: ही ब्ल्यू-ब्लॅक शाई, हिच्यात लोखंड असतं, ते कागदात मुरून काळं पडतं, पाण्याने जात नाही. आणि ही जांभळी पुडीची शाई, पाण्यात कालवलेली, पाण्यातच गेली. जांभळ्या शाईने लिहिलेल्या मुलांचं आता शाळेत कुठेच नाव नव्हतं.

पुढचे कित्येक महिने नाना ती नावं पुन्हा उभी करत होते. डभोईहून छोट्या (अरुंद रुळावरच्या) आगगाडीने, सायकल ब्रेकच्या डब्यात टाकून, जवळच्या स्टेशनावर उतरायचं आणि पुढे सायकल. पावसाळ्यात कानमची, म्हणजे आमच्या कपाशीच्या पट्ट्यातली, काळी माती चाकाला अशी धरायची की सायकलच खांद्यावर घ्यावी लागे. गावात तलाटी, सरपंच आणि सुईण यांना एकत्र बसवायचं आणि एकेक मूल विचारत जायचं.

आता माझे प्रश्न. अशा माणसाची कामाची कागदपत्रं आज कुठे मिळतील? त्यांनी शाळांच्या विझिट बुकात लिहिलेले शेरे अजून असतील का? आणि तुमच्यापैकी कुणी त्या काळात त्या तालुक्यात शिकलं, शिकवलं असेल तर निरीक्षकाबद्दल तुम्हाला काय आठवतं? चांगलं-वाईट दोन्ही चालेल.

निवृत्त_बाई_डभोई यांचं उत्तर

ताई, मी १९८२ साली डभोई तालुक्यात लागले आणि सगळी नोकरी त्याच तालुक्यात झाली. तुम्ही ज्यांच्याबद्दल लिहिताय ते आमचेच साहेब असणार. नाव विचारत नाही, इथे लिहूही नका, पण गाळाच्या दफ्तरांची गोष्ट आमच्या मुख्य शिक्षकांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितली होती आणि सोबत ब्ल्यू-ब्लॅकची बाटली हातात दिली होती.

त्यांचं इन्स्पेक्शन कसं असायचं ते सांगते. आल्या आल्या वर्गात जायचे नाहीत. आधी पाण्याची माटली बघायचे, झाकण आहे का, पाणी काढायच्या डोयाला दांडा आहे का. मग वर्गात. पाढे नाहीत, कविता नाही. प्रत्येक मुलाने पाटीवर स्वतःचं पूर्ण नाव, वडिलांचं नाव, आईचं नाव आणि गाव लिहायचं. मग वयपत्रक उघडून एकेका पाटीशी ताडून बघायचे. पहिल्यांदा मला वाटलं, हे काय इन्स्पेक्शन! मी अख्खा आठवडा मुलांकडून पाढे घोटून घेतले होते.

पण ताडल्यावर काय निघालं ते ऐका. माझ्या वर्गात ज्या मुलीला आम्ही मणी म्हणायचो तिचं वयपत्रकात नुसतं 'मणि' एवढंच होतं. वडिलांच्या नावाच्या जागी आजोबांचं नाव, अडनाव नाहीच. दोन मुलांचे वडील आपसात बदललेले. एका मुलाचं नाव दाखल करणाऱ्या काकाने स्वतःच्या मुलाचं म्हणून घातलेलं. मला वाटलं होतं साहेब ओरडतील. ते माझ्या खुर्चीवर बसले नाहीत, मुलांच्या पाटावर बसले आणि मला म्हणाले, 'बहेन, ही पोरगी उद्या लग्न होऊन दुसऱ्या गावी जाईल. तिथे ती कोण, हे सांगणारा एवढाच कागद आहे.' आमचं बोलणं गुजरातीतच व्हायचं, त्यांचं गुजराती इतकं साफ होतं की ते मराठी आहेत हे मला वर्षभर कळलं नव्हतं. मी मराठी आहे हे मात्र त्यांना माझ्या पहिल्याच वाक्यावरून कळलं होतं.

कपाशीच्या वेचणीला आमची निम्मी मुलं शेतात असायची. इतर साहेब गैरहजेरी बघून शेरा मारायचे. त्यांनी आम्हाला त्या आठवड्यांपुरती सकाळची शाळा करा म्हणून सांगितलं आणि जिल्ह्याला स्वतः लेखी कळवलं. नऊ-साडेनऊपर्यंत शाळा, मग वेचणी. हजेरी लगेच पूर्ण झाली असं म्हणणार नाही, पण जी मुलं दिवाळीनंतर पार सुटायची त्यांतली बरीच टिकली.

 

विझिट बुकांचं म्हणाल तर आशा कमी आहे. वयपत्रक कायम जपायचं असतं, ते शाळेत असणारच. विझिट बुकं बऱ्याच शाळांनी खोल्या पाडून नव्या बांधल्या तेव्हा रद्दीत गेली. तरी जुनी कपाटं असलेल्या दोन-तीन शाळा मला ठाऊक आहेत. तुम्ही आलात तर मी बरोबर येते. मुख्य शिक्षकांना अर्ज द्या, तो देताना तालुक्यालाही एक प्रत द्या.

रावपुरावासी यांचं उत्तर

माहेर_डभोई ताई, वडिलांना नमस्कार.

पुस्तिकेत थोडी पार्श्वभूमी येऊ द्या, नाहीतर बडोद्याबाहेरच्या वाचकाला या कामाचं वजन कळणार नाही. तुमचे नाना ९२ वर्षांचे म्हणजे ते स्वतः गायकवाडी शाळेत शिकले. सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली तालुक्यात सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण प्रयोग म्हणून सुरू केलं आणि १९०६ साली ते साऱ्या राज्याला लावलं. गोखल्यांनी १९११ साली कलकत्त्याला विधिमंडळात असंच विधेयक आणलं तेव्हा बडोद्याचा दाखला दिला होता. ते विधेयक मंजूर झालं नाही, बडोद्याचा कायदा मात्र चालू राहिला. मूल शाळेत आलं नाही तर बापाला दंड होता. आता सक्ती करायची म्हणजे आधी गावात कोणती मुलं किती वर्षांची आहेत ते लिहून काढायला हवं. नाव आणि वय लिहून ठेवण्याची शिस्त या कायद्याच्या पोटातच होती. तुमच्या नानांचा वयपत्रकावर एवढा जीव का, त्याचं एक मूळ इथे असेल असं मला वाटतं.

दुसरं, पुस्तकपेट्या. महाराजांनी १९१० साली बॉर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालांना बोलावून मध्यवर्ती ग्रंथालय आणि गावोगावची वाचनालयं उभी केली. खेड्यांत पुस्तकांच्या लाकडी पेट्या फिरायच्या. नानांच्या लहानपणी त्या पेट्या नक्की चालू असणार. त्यांनी कधी सांगितलं असेल तर ते जरूर लिहा.

मग १ मे १९४९ला संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं, १ मे १९६० ला गुजरात झालं आणि १९६३ साली पंचायत राज आलं तेव्हा प्राथमिक शाळा जिल्हा पंचायतीकडे गेल्या. म्हणजे नाना शिकले एका राज्यात, नोकरीला लागले दुसऱ्यात, निवृत्त झाले तिसऱ्यात, आणि हे सगळं डभोई न सोडता. नसवाडी, संखेडा तर पुढे २०१३ साली छोटा उदेपूर जिल्ह्यात गेले, त्यामुळे तिकडची कागदपत्रं शोधताना जिल्हा बघून जा.

कागदांसाठी तीन दारं. नानांची सेवापोथी (नोकरीचं नोंदपुस्तक) तालुका किंवा जिल्हा पंचायतीत मागा, वारस म्हणून अर्ज करता येतो. संस्थानकाळाची माहिती हवी असेल तर बडोदे राज्याचे वार्षिक कारभाराचे अहवाल बघा, शिक्षणखात्याचं प्रकरण दरवर्षी असतं. मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयात आणि विद्यापीठाच्या हंसा मेहता ग्रंथालयात चौकशी करा. सरकारी दप्तर भांडारही बडोद्यात आहे. पण खरं सांगतो, या अहवालांत तुम्हाला आकडे मिळतील, नाना मिळणार नाहीत. ते तुम्हाला बाईंच्या कपाटांतच मिळतील.

मास्तरांचा_मुलगा यांचं उत्तर

तुम्ही चांगलं-वाईट दोन्ही चालेल म्हणालात म्हणून लिहितो.

माझे वडील प्राथमिक शिक्षक होते, दुसऱ्या तालुक्यात. तिथल्या एका निरीक्षकाने त्यांची बदली नदीपलीकडच्या, एस.टी. न जाणाऱ्या गावात केली, कारण वडिलांनी त्या निरीक्षकाच्या नातेवाइकाच्या दुकानातून शाळेचं सामान घ्यायला नकार दिला होता. आई आजारी, आम्ही दोघं लहान. वडील दर शनिवारी चालत यायचे. सहा-सात वर्षं आमच्या घरात 'साहेब' हा शब्द निघाला की आई उठून आत जायची.

तुमचे नाना तसे होते असं मी म्हणत नाही. बाईंनी लिहिलंय त्यावरून ते भले गृहस्थ दिसतात. पण ज्या माणसाच्या एका शेऱ्यावर दुसऱ्याचा पगार अडतो त्याच्याबद्दल लिहिताना, ज्यांचा अडला त्यांचीही एखादी ओळ यावी. स्मृतिपुस्तिकांत सगळे देवमाणूसच असतात. आमच्यासारख्यांना ती वाचवत नाहीत.

माहेर_डभोई यांचं उत्तर

बाई, तुमचं उत्तर मी दादाला फोनवर वाचून दाखवलं. पाटीवर नाव लिहायला लावायची पद्धत आम्हाला घरी कुणालाच माहीत नव्हती. मी नक्की येते, तुम्ही म्हणाल त्या दिवशी.

रावपुरावासी, पेटीचं खरं आहे. नाना सांगायचे की गावच्या चावडीत पेटी आली की किल्ली शिक्षकांकडे असायची आणि त्यांनी पहिलं पुस्तक तिच्यातूनच नेलं. महाराज गेले, ६ फेब्रुवारी १९३९, तेव्हा ते पहिलीत होते. शाळेला लगेच सुटी दिली आणि मास्तर रडत होते, मोठा माणूस रडताना त्यांनी पहिल्यांदा पाहिला, एवढं ते सांगत.

मास्तरांचा_मुलगा, तुमच्या घरावर जे आलं ते फार वाईट होतं आणि तुम्ही लिहिलंत ते योग्यच केलंत. नानांच्या शेऱ्याने एकाचा पगार अडला होता. ते मी लिहिणारच आहे.

ओरसंग नदीच्या काठी एका गावी नाना न सांगता गेले. साडेअकरा वाजलेले, शाळेला कुलूप, मुलं ओटल्यावर बसलेली. शिक्षक मुलीच्या स्थळासाठी बडोद्याला गेले होते, रजेचा अर्ज नव्हता. नाना सुटीची वेळ होईपर्यंत मुलांना घेऊन ओटल्यावर बसले, त्यांना शिकवलं, आणि परत येऊन अहवाल लिहिला. शिक्षकांचा इजाफा, म्हणजे वार्षिक पगारवाढ, रोखला गेला. महिन्याभराने त्यांची बायको आमच्या घरी आली, कडेवर मूल. आईने तिला चहा केला, चिवडा पुढे ठेवला. ती म्हणत होती, स्थळ मोडलं, आता इजाफाही गेला. नाना बाहेर आले, तिला नमस्कार केला आणि म्हणाले की लिहिलेलं मी बदलणार नाही. शाळा बंद होती, म्हणून बंद लिहिलं. जाताना तिने चहाला हात लावला नव्हता.

आई त्या रात्री नानांना म्हणाली, 'एक ओळ मऊ लिहिली असतीत तर काय बिघडलं असतं?' नाना म्हणाले, 'मी त्या मुलांपाशी चार तास बसलोय.' दोघंही बरेच दिवस कामापुरतंच बोलत होती. त्या शिक्षकांशी नानांचे संबंध पुढे कधी सुधारले नाहीत. मी अजूनही ठरवू शकत नाही की आईचं बरोबर होतं की नानांचं, आणि म्हणून दोघांचंही बोलणं जसंच्या तसं छापणार आहे. गावाचं नाव देणार नाही.

बाईंच्या मणीवरून आणखी एक आठवलं. आमच्या घरी माळ्यावर जुन्या पंचांगांचा गठ्ठा होता, वर्षावार दोरीने बांधलेला. बहुतेक 'जन्मभूमी' या गुजराती पंचांगाची, काही त्याच्याही आधीची, कुठून कुठून मागून आणलेली. आम्हाला वाटायचं नानांना ज्योतिषाचा नाद आहे. नाद नव्हता. रेलीनंतर जी मुलं नव्याने लिहायची होती त्यांच्या जन्मतारखा कुणालाच ठाऊक नव्हत्या. शाळांची रीत अशी की तारीख माहीत नसेल तर १ जून घालायची, म्हणजे जूनमध्ये दाखल करताना वय बरोबर बसतं. अर्धं गाव १ जूनला जन्मलेलं! नाना तसं करू देत नसत. मुलाची आई सांगायची, अखात्रीजच्या (अक्षय्य तृतीयेच्या) दुसऱ्या दिवशी झाला, त्याच्या आदल्या साली विहीर खणली होती. सुईण म्हणायची, दिवासो (आषाढी अमावास्या) होऊन गेला होता, पाऊस लागून राहिला होता. नाना तेवढं वहीत टिपून घरी आणायचे आणि रात्री कंदिलाशी बसून विहिरीचं साल तलाटीच्या कागदांवरून आणि तिथीची तारीख पंचांगावरून काढायचे. जुळली तर लिहायचे, न जुळली तर पुन्हा गावी. मी एकदा विचारलं की एवढं कशाला, एका दिवसाने काय फरक पडतो? त्यांनी सांगितलं की सरकारी नोकरीची वयोमर्यादा एका दिवसाने चुकते आणि निवृत्तीही त्याच तारखेवरून ठरते, आणि ज्याच्याकडे दुसरा कुठलाच कागद नाही त्याला भांडायलाही जागा नसते.

तेव्हा चोख म्हणजे काय, ते आता माझं मलाच उलगडतंय. दादाचा कागद शेवटच्या पानावर जाईल. पुस्तिका शाईपासून सुरू होईल.

नसवाडीची_सून (पुणे) यांचं उत्तर

ताई, मी मूळची बडोद्याची, वाडीतली. सासर नसवाडीकडचं. माझे सासरे शिक्षकच होते आणि त्यांची जन्मतारीख कागदावर १ जून. त्यांच्या आई सांगायच्या की ते नवरात्रात झाले, म्हणजे खऱ्या वयात निदान चारेक महिने इकडे-तिकडे. त्यांच्या धाकट्या भावाची मात्र तारीख २३ ऑक्टोबर, आणि घरात सगळ्यांना याचं नवल वाटायचं की याचीच तारीख कशी काय खरी. धाकटे काका म्हणत की एक साहेब सायकलवरून आले होते आणि आजीला दिवाळीच्या आधी की नंतर, असं तीन-तीनदा विचारत होते. ते तुमचेच नाना असं मी म्हणू शकत नाही, पण नसवाडीकडे असलेल्या वर्षांचा मेळ बसतो का बघा. काका आता ७० च्या पुढे आहेत, बोलायला हौशी आहेत. हवं असेल तर मी फोन जोडून देते.

माहेर_डभोई यांचं उत्तर

जोडून द्या, नक्की. नाना नसवाडीकडे होते ती वर्षं दादाच्या कागदात आहेत, ती मी तुम्हाला वेगळ्या निरोपात कळवते. ते दुसरेच साहेब निघाले तरी काकांची आठवण मला हवीये.

बाई, एक अडचण आहे. वयपत्रकाच्या एखाद्या पानाचा फोटो पुस्तिकेत घ्यावा असं दादाचं म्हणणं आहे, नानांची सही आणि अक्षर दिसतं म्हणून. तसं चालेल का?

निवृत्त_बाई_डभोई यांचं उत्तर

वयपत्रकाचं पान छापू नका, ताई. त्यात मुलांची नावं, जाती, जन्मतारखा आहेत, ती माणसं हयात आहेत, नातवंडांची झाली आहेत. मुख्य शिक्षक फोटो काढू देणारही नाहीत आणि देऊ नयेच. विझिट बुक सापडलं तर त्यातला शेरा घ्या, तिथे सहीही असते आणि अक्षरही. साहेब शेरा लांब लिहायचे, खाली रेघ ओढून तारीख घालायचे आणि पुढच्या भेटीत त्याच रेघेखाली पहिली ओळ 'मागील सूचनांचं काय झालं' अशी असायची. ते पान मिळालं तर त्याचाच फोटो घेऊ.

पुढच्या आठवड्यात मंगळवार-बुधवार मला मोकळे आहेत. बडोद्याच्या प्रतापनगर स्टेशनवरून सकाळच्या गाडीने या, मी डभोई स्टेशनवर येते. आता ती छोटी गाडी राहिली नाही, मोठा रूळ थेट केवडियापर्यंत गेलाय. तिथून रिक्षाने आधी तालुक्याला अर्ज देऊ आणि मग शाळांकडे जाऊ. येताना नानांच्या निवृत्तीच्या हुकमाची झेरॉक्स आणि तुमचं ओळखपत्र आणा.